टूथपेस्टच्या पैशानं वाजलेली गाणी

(पुसद इथल्या युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला आयोजकांनी विषय दिला होता 'संगीत आणि बाजार'. मी दिग्रसहून बसनं येताना त्याची चार पानं टिपणंही काढली होती. पण मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातले चौघे जण माझ्याकडे आले. उमरखेडकडची ही मुलं कव्वाली आणि रॅप एकत्र करून व्हिडिओ बनवतात. मी पाहिलेत, चांगले आहेत. त्यांना एक पानमसालावाला पैसे द्यायला तयार आहे. स्टुडिओचा खर्च तो करणार, बदल्यात व्हिडिओच्या सुरुवातीला त्याचं नाव आणि मागं बॅनर. मुलांनी विचारलं, "मॅडम, घ्यावेत का?" मी म्हटलं, स्टेजवरून सांगते. तेव्हा ती चार पानं पर्समध्येच राहू द्या.

गाण्याला दुकानदाराचा पैसा लागणं ही नवी गोष्ट नाही. परदेशातलं उदाहरण सांगते. स्टारबक्स ही अमेरिकेतली कॉफीची कंपनी. तिनं १९९९ साली 'हिअर म्युझिक' नावाची संगीताची कंपनी विकत घेतली, २००७ मध्ये काँकॉर्ड या कंपनीशी भागीदारी करून तिचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढलं. त्यावर पहिला अल्बम कोणाचा? बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचा. कॉफी घ्यायला आलेल्या माणसानं काउंटरवरून सीडीपण उचलावी, असा हिशेब. पुढच्याच वर्षी कॉफीवाल्यांनी लेबलचा रोजचा कारभार काँकॉर्डकडे सोपवला. एवढा मोठा गायक, एवढी दुकानं, आणि वर्षभरात हात मोकळे केले. त्यांचा धंदा कॉफीचा होता, गाण्याचा नव्हता.

आपल्याकडे मात्र एका टूथपेस्टनं हेच काम छत्तीस वर्षं एका रेडिओ स्टेशनवर आणि नंतर आणखी काही वर्षं दुसऱ्यावर केलं. तिनं एकही रेकॉर्ड छापली नाही. पण देशात कुठली रेकॉर्ड खपते, कुठली पडून राहते, हे दर बुधवारी तिच्या नावानं ठरायचं. बिनाका गीतमाला. तुमच्यापैकी कितींनी बिनाकाची ट्यूब पाहिली आहे? हं, एकही हात नाही. तुमच्या दादीला विचारा. त्या खोक्यात प्लास्टिकचे इवलेसे प्राणी निघायचे. माझ्याकडे एक हत्ती होता, तो माझ्या भावानं कंच्यांच्या बदल्यात देऊन टाकला. ते मी अजून विसरलेले नाही.

आता हे सुरू कसं झालं ते ऐका, कारण त्यात एका मराठी माणसाचा मोठा हात आहे, आणि तो त्यानं मदतीसाठी लावलेला नव्हता.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. जन्म पुण्याचा, शास्त्रीय संगीताचे पक्के चाहते. सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा नाश, असं त्यांचं मत. आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांचा वेळ कमी झाला. गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती सिनेमाची जाहिरात होते, असाही नियम आला. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. झालं. सरकारी रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं.

केसकरांना नुसती नावं ठेवून मी पुढे जाणार नाही. त्यांच्या काळात आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन सुरू झालं. राजेरजवाडे गेल्यावर ज्या उस्तादांना आणि पंडितांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं, त्यांना रेडिओनं आधार दिला. हे मोठं काम आहे. चूक एवढीच की लोकांनी काय ऐकावं ते ठरवता ठरवता लोक काय ऐकतात याकडे पाठ फिरवली. समाज सुधारायला निघालेल्या माणसांचं असं होतं. आपल्या चळवळीतही होतं, मी स्वतः केलेलं आहे.

लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली. समुद्रापलीकडे कोलंबोत एक जबरदस्त ट्रान्समीटर होता. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला, युद्धानंतर सिलोनकडे आला. रेडिओ सिलोननं त्यावर जाहिरातींची सेवा सुरू केली होती. शॉर्टवेव्हवर तो सगळ्या हिंदुस्थानात ऐकू यायचा. कधी आवाज लाटेसारखा वर यायचा, कधी बुडायचा. ऐन नाव सांगायच्या क्षणीच बुडायचा.

सिबा ही औषधं आणि रसायनं बनवणारी स्विस कंपनी, बिनाका तिची टूथपेस्ट. इंग्रजी गाण्यांचा 'बिनाका हिट परेड' सिलोनवर आधीच चालू होता. हिंदीतही तसं काही करावं असं ठरलं. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करायचा, टेप विमानानं कोलंबोला पाठवायची. पण करणार कोण? लिहायचं, बोलायचं, पत्रं उघडायची, मोजायची, आणि मिळणार आठवड्याला पंचवीस रुपये. अनुभवी लोकांनी नको म्हटलं. मग हे काम एका वीस वर्षांच्याही आतल्या पोराला मिळालं. अमीन सयानी. ३ डिसेंबर १९५२ ला पहिला कार्यक्रम झाला.

या पोराची आधीची हकीकत गमतीची आहे. शिक्षण आधी गुजराती माध्यमात, मग ग्वाल्हेरच्या सिंदिया शाळेत, मग सेंट झेवियर्स कॉलेजात. थोरला भाऊ हमीद सयानी इंग्रजीतला नावाजलेला निवेदक. त्याच्यामागं जाऊन हाही लहानपणापासून रेडिओवर इंग्रजीत बोलायचा. हिंदीसाठी आकाशवाणीत आवाज तपासून घ्यायला गेला तर नापास. उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छटा आहे म्हणाले. पुढे झेवियर्समध्येच सिलोनसाठी 'ओव्हलटीन फुलवारी' नावाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित व्हायचा, तिथं हा प्रेक्षकांत जाऊन बसायचा. जाहिरात वाचायला कोणी हवं होतं, यानं वाचली. मेहनताना म्हणून दर आठवड्याला ओव्हलटीनचा एक छोटा डबा.

पहिल्या गीतमालेत सात गाणी उलटसुलट वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम पत्रानं कळवायचा, अशी स्पर्धा होती. बक्षीस १०० रुपये. चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता. आली ९,०००. वर्षभरात आठवड्याला ६५,००० पर्यंत गेली. एकटा माणूस किती पत्रं उघडणार? मग स्पर्धा बंद केली आणि गाण्यांची पायदानं आली. वर्षाच्या पहिल्या यादीत, १९५३ च्या, सगळ्यात वर 'अनारकली'चं गाणं होतं.

पायदान ठरवायचं कसं, इथं मला जरा थांबायचं आहे, कारण तुम्ही रोज व्ह्यूज मोजता. आधी साधा हिशेब होता: देशभरातल्या दुकानांत आठवड्यात कुठली रेकॉर्ड किती खपली. तेव्हा सिनेमाच्या रेकॉर्डी म्हणजे बहुतेक एचएमव्ही, म्हणजे ग्रामोफोन कंपनी. ती किती छापणार आणि दुकानात कधी पोचणार, यावर सगळं अवलंबून. गाणं खूप चाललं की रेकॉर्ड संपून जायची. आणि संपली की विक्री शून्य! सगळ्यात लाडकं गाणं यादीत खाली. हे सयानींच्या लक्षात आलं आणि त्यांनी श्रोतासंघांची मतं जोडून घेतली. गावोगाव लोकांनी एकत्र येऊन संघ काढले होते, त्यांची पत्रं यायची. दुकानाचा आकडा आणि संघाचं मत, दोन्ही मिळून पायदान. दुकानाचा आकडा एकटा असता तर रेकॉर्ड विकत घेणाऱ्याचंच मत मोजलं गेलं असतं. आमच्या गल्लीत रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकाच घरी होतं. पोस्टकार्ड मात्र सगळ्यांना परवडायचं.

या मोजणीवर भांडणं व्हायची. व्हायलाच हवीत. पण टूथपेस्टवाल्यांना त्यात आपलं गाणं पुढं सरकवायचं नव्हतं, त्यांचं गाणंच नव्हतं. रेकॉर्ड विकणाऱ्या कंपनीनं हीच यादी काढली असती तर? विचार करा.

बुधवारी रात्री आठ वाजता गीतमाला लागायची. थंडीच्या दिवसांत इशाची जमातही त्याच सुमाराला. आमच्या घरी गाणं जायज की नाजायज हा वाद अब्बा आणि मोठ्या खालाचा कायम चालायचा, त्यात मी आज पडत नाही. पण अजान झाली की रेडिओ बंद, यावर दोघांचं एकमत. भाईजान नमाज पढून धावत यायचा आणि दारातूनच विचारायचा, "पहिल्या पायदानावर कोण?" मी सांगायचे नाही. आधी माझा हत्ती आण म्हणायचे.

त्या आवाजात एक गोष्ट होती जी मला तेव्हा कळली नाही, फक्त बरी वाटली. सयानी सुरुवात करायचे 'बहनों और भाइयों' अशी. बहिणी आधी. तोवर सगळे सभांमध्ये भाऊ आधी म्हणायचे. आज इथं मुली मागच्या तीन रांगांत बसल्या आहेत, म्हणून आठवलं. पुढच्या सत्राला जागा बदला.

आणि भाषा. ती हिंदी होती की उर्दू? आमचे अब्बा म्हणायचे उर्दू आहे, शेजारचे गुरुजी म्हणायचे हिंदी आहे, आणि दोघांना प्रत्येक शब्द कळायचा. ही भाषा टूथपेस्टच्या कारखान्यात तयार झालेली नव्हती. ती सयानींच्या आईकडून आली होती.

कुलसुम सयानी हे नाव आपल्या अभ्यासवर्गात कधी घेतलं गेलं का? मी वीस वर्षं या कामात आहे, मी ऐकलं नाही. मुंबईच्या मोहल्ल्यांमध्ये, पडद्यातल्या मुस्लिम बायकांपर्यंत जाऊन, त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं. दार उघडणार नाही अशा घरांत जाऊन अक्षर शिकवायचं. नव्यानं वाचायला शिकलेल्यांना वाचायला काही हवं, म्हणून १९४० मध्ये 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. ते वीस वर्षं चाललं. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी. लिपी मात्र तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. गांधीजींनी त्यांना पत्र लिहून या कामाला पाठिंबा दिला होता. ज्या वर्षांत हिंदी कोणाची आणि उर्दू कोणाची यावरून देश फाटत होता, त्याच वर्षांत ही बाई तेच वाक्य तीन लिप्यांत छापत होती. अमीन सयानी लहानपणी या कामात आईला मदत करायचे. सोपं लिहायचं, सगळ्यांना कळेल असं बोलायचं, हे ते तिथं शिकले, असं ते स्वतः सांगायचे.

म्हणजे आकाशवाणीनं नापास केलेला उच्चार आणि आईच्या पाक्षिकातली भाषा, या दोन गोष्टी घेऊन तो माणूस माइकसमोर बसला. सिबानं पैसा दिला, वेळ विकत घेतला, आणि बोलायचं कसं ते त्याच्यावर सोडलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. दर बदलीनंतर नव्या गावात पहिल्या महिन्यात कोणीतरी म्हणायचंच, "तुम्ही मराठी छान बोलता हो!" आणि आमच्याच मोहल्ल्यात म्हणायचे, ही घरीसुद्धा मराठीत हिशेब करते. तुम्हालाही दोन्हीकडून ऐकावं लागतं, मला माहीत आहे. तेव्हा उमरखेडच्या मुलांनो, तुमच्या रॅपमध्ये वऱ्हाडी आहे, दखनी आहे, मधेच कव्वालीची उर्दू येते. पैसे देणारा उद्या म्हणेल, जरा शुद्ध हिंदीत करा, जास्त लोकांना कळेल. तेव्हा काय म्हणाल ते आज ठरवून ठेवा.

सरकारचं पुढं काय झालं? १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, त्यात सिनेमाची गाणी आली. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या, आणि त्यासाठी पहिली केंद्रं कुठली होती? मुंबई, पुणे आणि आपलं नागपूर. टूथपेस्टनं जे दाखवलं ते सरकारनं पंधरा वर्षांनी उचललं. १९८९ मध्ये तर गीतमालाच सिलोन सोडून विविध भारतीवर आली. तोवर टूथपेस्टचं नाव बदलून सिबाका झालेलं. १९९४ मध्ये सिबाका कोलगेटला विकली गेली. कार्यक्रमही त्याच सुमाराला थांबला, नंतर थोडा काळ परत आला तो कोलगेटचं नाव घेऊन. पुढे सारेगामानं, म्हणजे जुन्या एचएमव्हीनंच, सयानींच्या निवेदनासकट ती गाणी सीडींच्या संचात काढली. नाव दिलं 'गीतमाला की छाँव में'. नाव नीट ऐका. टूथपेस्ट गळून पडली आहे. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले तेव्हा तुमच्या मोबाइलवर जो आवाज फिरला, तो ऐकून कोणाला दात आठवले नाहीत.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, मॅडम पैसे घ्या म्हणणार. थांबा.

आपल्या देशात दारूची जाहिरात टीव्हीवर करायला बंदी आहे. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांमध्ये ती आहे. मग दारूच्या कंपन्यांनी काय केलं? त्याच नावाचा सोडा काढला, त्याच नावाचं पाणी काढलं आणि त्याच नावाच्या म्युझिक सीडी काढल्या. 'इम्पिरियल ब्लू सुपरहिट्स म्युझिक सीडीज' असं जाहिरातीच्या शेवटी यायचं, पुरुषांच्या वागण्यावरची ती विनोदी जाहिरात तुम्ही पाहिलेली आहे. मी नागपूरला, अमरावतीला, यवतमाळच्या दत्त चौकातसुद्धा सीडीच्या दुकानात विचारलं होतं, गंमत म्हणून. ती सीडी माझ्या हाती कधी लागली नाही. गाण्याच्या नावाखाली दुसरंच काही विकायचं असतं तेव्हा गाणं असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही.

बिनाकाला गाण्याची गरज होती. लोक गाण्यासाठी रेडिओ लावायचे आणि त्यात टूथपेस्टचं नाव ऐकायचे, गाणं वाईट असतं तर तेही ऐकलं नसतं. दारूवाल्याला गाणं हवं होतं ते पडदा म्हणून. पानमसालावाल्याचंही तेच. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. आपल्या भागात खर्रा किती चालतो ते मी सांगायला नको, बसस्टँडच्या भिंती बघा. माझ्या वर्गातली आठवीची पोरं पट्टीनं घोटून खायची. दारूबंदीसाठी याच जिल्ह्यातल्या बायका मोर्चे काढत आल्या आहेत, त्यात तुमच्यातल्या काहींच्या अम्मीही होत्या. तुमच्या कव्वालीच्या आधी त्या पुडीचं नाव येणार, आणि कव्वाली कोणाची? ज्यांच्या दर्ग्यावर आपण चादर चढवतो त्यांची.

कोणी म्हणेल, कोक स्टुडिओचं काय? बरोबर आहे. ब्राझीलमध्ये सुरू झालं, २००८ मध्ये पाकिस्तानात रोहेल हयातनं ते उभं केलं, २०११ मध्ये आपल्याकडे आलं. साबरी बंधूंची 'ताजदार-ए-हरम' तुमच्या पिढीनं २०१५ मध्ये तिथंच, आतिफ अस्लमच्या आवाजात पहिल्यांदा ऐकली. साखरेचं पाणी विकणाऱ्या कंपनीच्या पैशानं ते झालं. मला तो पैसा फार स्वच्छ वाटत नाही, पण ते काम खरं आहे, लोकांनी ते गाण्यासाठी ऐकलं. त्या कंपनीचं नाव मात्र कार्यक्रमाच्या नावातच बसलं आहे, गीतमालेसारखं ते सहज गळून पडणार नाही. त्या मालिकेत गाणाऱ्याला आपलं नाव कंपनीच्या नावामागं लावून चालावं लागतं. एवढं मोठं नाव असेल तर कदाचित परवडतं. तुमचं नाव अजून व्हायचं आहे.

नावावरून आठवलं. १९४९ मध्ये 'महल' आला, तेव्हा त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव छापलं होतं कामिनी. ते सिनेमातल्या पात्राचं नाव. गात होती लता मंगेशकर! गाणारी कोण, हे श्रोत्यांनी पत्रं लिहून विचारलं तेव्हा कळलं. म्हणून सांगते, जो कोणी पैसे देईल त्याच्याकडून आधी कागदावर लिहून घ्या: गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, तबला वाजवणाऱ्याचं नाव कुठं येणार. चॅनेल कोणाच्या नावावर राहणार. व्हिडिओ कोण काढून टाकू शकतं. एका मुलीनं मला मागं सांगितलं होतं की तिच्या गाण्याचं रेकॉर्डिंग एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे अडकलं आहे. तो देतही नाही आणि लावतही नाही. तिच्याकडे एक चिठ्ठीसुद्धा नाही.

तर पानमसालावाल्याला नाही म्हणा, असं माझं मत आहे. माझं मत, फतवा नाही. पण नुसतं नाही म्हणून तुमचं गाणं रेकॉर्ड होत नाही, हेही मला कळतं. गावात चपलांचं दुकान आहे, सायकलवाला आहे, जिनिंगवाले आहेत, बेकरी आहे. तुमच्या दोन मामांची दुकानं तर मलाच माहीत आहेत. त्यांच्याकडे कधी गेलात का मागायला? नसाल गेला. पानमसालावाला स्वतःहून आला म्हणून सोपा वाटला.

आता जेवणाआधी पंधरा मिनिटं आहेत. ते चौघे पुढे या. स्टुडिओ तासाला किती घेतो, किती तास लागतील, तबलेवाल्याला काय द्यायचं, सगळं सांगा. मी पेन काढलं आहे. पहिले पाचशे माझ्या पेन्शनीतले लिहिते, आणि व्हिडिओवर माझं नाव नको.